काटा पाचवर का अडकला? कंप्रेसर, बॉईल आणि गळतीचा इतिहास

मागच्या दिवाळीत ओतूरला घरी गेलो तेव्हा शेडमधला कंप्रेसर रुसला होता. दोन हॉर्सपॉवरची मोटर, शंभर लिटरची टाकी. ट्रॅक्टरच्या टायरमध्ये हवा भरायला आणि एअर फिल्टर झटकायला आम्ही तो वापरतो. एरवी 8 किलोला मोटर आपोआप बंद व्हायची. आता काटा 5 वर जाऊन थांबायचा आणि मोटर चालूच राहायची. मेकॅनिक म्हणाला, "रिंगा गेल्यात." रिंगा बदलल्या, पैसे दिले. काटा परत 5 वरच.

हे वाचून तुम्ही म्हणाल, यात संशोधनाचं काय? सांगतो. त्यासाठी साडेतीनशे वर्षं मागे जावं लागेल.

हवेचा पंप आणि कंप्रेसर ही सख्खी भावंडं. एक भांड्यातली हवा बाहेर काढतो, दुसरा बाहेरची हवा भांड्यात कोंबतो. सिलिंडर, दट्ट्या आणि झडपा दोघांत त्याच, आणि दुखणंही एकच : गळती. जर्मनीत ओटो फॉन गेरिकेने 1654 मध्ये आपला पंप लोकांसमोर चालवून दाखवला. ते ऐकून इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉईलने रॉबर्ट हूककडून स्वतःचा पंप बनवून घेतला आणि 1660 मध्ये त्यावरचे 43 प्रयोग छापले. त्यात बॉईल गळतीबद्दल उघडपणे लिहितो. दट्ट्याला चामडं, सांध्यांना लेप, झडपांवर तेल, तरी हवा आत शिरायचीच.

थॉमस हॉब्जने 1661 मध्ये याच जागी बोट ठेवलं. त्याचं म्हणणं साधं होतं. दट्ट्या आणि सिलिंडर यांच्या फटीतून हवा आत जाते, मग भांडं रिकामं झालं असं तुम्ही कशावरून म्हणता? हा प्रश्न चिडवण्यासाठी विचारलेला असला तरी प्रश्न म्हणून खरा आहे. यंत्रच गळत असेल, तर त्यातून निघालेला निष्कर्ष निसर्गाचा की यंत्राचा?

आता खरी गंमत. हॉलंडच्या क्रिस्टियान हायगेन्सने 1661 च्या शेवटी स्वतःचा पंप बांधला. त्या काळी पंप चांगला आहे का, हे बघायची एक रीत होती. पाण्याने भरलेली काचेची नळी पाण्याच्या भांड्यात उलटी ठेवायची आणि ते सगळं पंपाच्या पात्रात ठेवून हवा काढायची. हवेचा दाब गेला की नळीतलं पाणी खाली येतं. हायगेन्सने बुडबुडे काढून टाकलेलं पाणी वापरलं, आणि ते खाली येईचना! बॉईलच्या बाजूचं उत्तर तयारच होतं : तुमचा पंप गळतोय. हायगेन्सचं म्हणणं होतं की याच पंपात साधं पाणी व्यवस्थित खाली येतं. 1663 मध्ये तो लंडनला गेला आणि तिथल्या पंपावरही तेच दिसलं. आज आपल्याला कारण माहीत आहे. बुडबुडा नसलेलं पाणी एकमेकांना आणि काचेला इतकं घट्ट धरून राहतं की स्तंभ तुटतच नाही. ज्याला गळती म्हटलं जात होतं, ती खरी नवी गोष्ट होती.

पुढे हाच पंप उलटा होऊन कामाला लागला. भोर घाटातला रेल्वेमार्ग 1856 ते 1863 मध्ये झाला, तो हाताने भोकं पाडून आणि सुरुंगाची दारू ठासून. त्याच सुमारास आल्प्समधल्या फ्रेजू बोगद्यात 1861 पासून दाबाच्या हवेवर चालणारे ड्रिल लागले. पुण्यात किर्लोस्कर न्यूमॅटिक 1958 मध्ये सुरू झाली. आज जुन्नरच्या काळ्या कातळात विहीर घ्यायची तर ट्रॅक्टरवरचा कंप्रेसर बोलवावा लागतो.

परत आमच्या शेडमध्ये येऊ. हायगेन्सचा धडा आठवला आणि मी एक गोष्ट केली जी आधी कुणीच केली नव्हती : यंत्राचे दोन भाग वेगळे करून तपासले. बाहेर जाणारी चावी बंद केली, काटा 5 वर असताना मोटर बंद केली आणि घड्याळ लावलं. दीड मिनिटात काटा 3 वर. म्हणजे दोष टाकीच्या बाजूला, रिंगांचा संबंधच नाही. काटा जागेवर थांबला असता, तर दोष हवा भरणाऱ्या बाजूला : तुंबलेला फिल्टर, फुटलेली झडप, झिजलेल्या रिंगा, ढिला पट्टा. मोटरचा आवाज थांबल्यावर सुस्कारा ऐकू आलाच. साबणाचं पाणी लावलं तर टाकीखालच्या ड्रेन कॉकपाशी फेस. गंजाचा कण अडकून तो नीट बसत नव्हता. (कुठलाही नट खोलण्याआधी टाकी पूर्ण रिकामी करायची, आणि सेफ्टी वॉल्व्हला कधीच हात लावायचा नाही.)

पण काटा नेमका 5 वरच का थांबायचा? दाब वाढतो तशी गळती वाढते आणि पंपाची हवा थोडी कमी होते. दोन्ही जिथे सारखे होतात, तिथे काटा थांबतो. तो आकडा यंत्राच्या ताकदीचा नव्हता, दोघांच्या तडजोडीचा होता.

हे लिहितोय कारण पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी हेच चुकलो होतो. व्हॅक्यूम चेंबरचा दाब खाली जाईना. चार महिने मी पंपाला दोष देत राहिलो. शेवटी झडप बंद करून दाब कसा वाढतो ते नोंदवलं. सरळ रेषेत वाढत राहिला तर गळती, वाढून मंदावला तर आतल्या भिंतींतून सुटणारा ओलावा. माझा आलेख मंदावला. पंप निर्दोष होता, माझे नमुनेच नीट वाळलेले नव्हते. पाच मिनिटांची तपासणी चार महिने केली नव्हती.

तुमचं उपकरण हवं ते दाखवत नसेल तेव्हा "गळतंय" म्हणणं सोपं असतं, आणि हवं ते दाखवतंय तेव्हा न तपासणं त्याहून सोपं. दोन्ही वेळी हायगेन्ससारखं करा. तेच यंत्र, तोच दिवस, आणि ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं साधं पाणी आधी घालून बघा. मगच रिंगा बदला.