लहान्याले कोन पाहीन?

संपादक मंडळातल्या वर्गमित्राचा फोन आला. म्हणाला, “शाळेच्या आठवणी सगळेच लिहून राहिले. तुझी सारी नोकरी अंगणवाड्या पाहण्यात गेली, तू त्याचा इतिहास लिही.” मी हो म्हटलं. पण कागद पुढे घेतला तेव्हा सुरुवात अंगणवाडीपासून झालीच नाही. ती झाली आपल्या शाळेच्या हजेरीपटापासून.

पाचवीत आपल्या वर्गात आम्ही चौदा मुली होतो. १९७९ साली दहावीच्या परीक्षेला बसलो तेव्हा पाच उरलो होतो. बाकीच्या नऊजणी कुठे गेल्या, हे तेव्हा आपल्यापैकी कोणी विचारलं नाही. मुली शाळा सोडतात, ही गोष्ट पऱ्हाटीची पानं गळावी इतकी सवयीची होती.

त्यातली एक माझ्या बाकावर बसायची. गणितात ती माझ्यापुढे होती. मी तिची वही पाहून हातचे घ्यायला शिकले. सातवीत दिवाळीची सुटी संपली आणि ती आलीच नाही. आठ-दहा दिवसांनी वर्गशिक्षक गुरुजी तिच्या घरी गेले, वाट दाखवायला मला सोबत नेलं. तिची आई कापूस वेचून नुकतीच आली होती, ओटीत अजून सरकीचा कचरा होता. गुरुजींनी मुलीच्या हुशारीबद्दल बरंच सांगितलं. बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “गुरुजी, पोट्टी शाळेत गेली त लहान्याले कोन पाहीन?”

गुरुजींजवळ उत्तर नव्हतं. तिथून आम्ही न बोलता परत आलो.

ती आई शिक्षणाच्या विरोधात नव्हती. हे मला नोकरीत आल्यावर कळलं. आपल्या जिल्ह्यात वेचणी दिवाळीच्या आसपास भरात येते आणि दोन-तीन महिने चालते. तिची मजुरी किलोवर मिळते. लेकरू कडेवर घेऊन वेचणारीचा कापूस कमी भरतो, मजुरी तेवढी घटते. वर्षभराची उधारी याच दिवसांत फेडायची असते. मग तान्हं लेकरू घरी ठेवायचं आणि त्याच्याजवळ थोरली बहीण बसवायची. म्हणजे मुलीची शाळा सुटायची ती नेमकी सहामाहीनंतर. दोन-तीन महिने बुडाले की मागचं समजत नाही, पुढचं लागत नाही, आणि मग लाजेनं ती वर्गात पाऊल ठेवत नाही.

ज्या प्रश्नावर गुरुजी गप्प झाले, त्याचं उत्तर महाराष्ट्रात एका बाईंनी आधीच शोधलं होतं. ताराबाई मोडक. १८९२ चा त्यांचा जन्म. लग्नानंतर त्यांचा संसार काही वर्षं आपल्या शेजारच्या अमरावतीत होता. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार काढलं. पण शहरातल्या बालमंदिरात येणारी मुलं खाऊनपिऊन सुखी घरची आहेत, ही बोच त्यांना राहिली. म्हणून १९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यात समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या.

तिथे मुलं बालवाडीत येईनात. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच मुलांच्या वस्तीत नेली. झाडाखाली, कोणाच्या अंगणात, आधी नखं कापायची, आंघोळ घालायची, मग शंख-शिंपले, बिया, पानं घेऊन खेळ. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. आज देशभर रुळलेला हा शब्द अशा कामातून आला आहे.

पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं. आदिवासी मुली शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या काखेत भावंड असतं; हे दिसल्यावर त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. तिला विकासवाडी म्हणत. थोरलीनं येताना धाकट्याला घेऊन यायचं, त्याला पाळण्यात सोडायचं, मधल्याला बालवाडीत बसवायचं आणि आपण वर्गात जायचं. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात नेली, ती कुरणशाळा. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. मला त्या पदव्यांहून विकासवाडीची मांडणी मोठी वाटते. मुलींचं शिक्षण, बालपण आणि आरोग्य हे तीन वेगळे विषय नाहीत, पाळण्याची दोरी तिन्हींना बांधलेली आहे, हे त्या दोघींनी करून दाखवलं.

सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली ती २ ऑक्टोबर १९७५ ला, सुरुवातीला देशात फक्त ३३ प्रकल्पांत. तारीख मुद्दाम सांगते. त्या वर्षीची दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात होती. म्हणजे माझ्या मैत्रिणीची शाळा सुटली, त्याच्या महिनाभर आधी तिच्या आईच्या प्रश्नाचं उत्तर देशात कुठेतरी सुरू झालं होतं. आपल्या वस्तीपर्यंत ते यायला मात्र बरीच वर्षं जायची होती.

मी १९८७ मध्ये मुख्यसेविका म्हणून रुजू झाले. केळापूर आणि मारेगाव तालुक्यांत कोलामांचे पोड, बंजाऱ्यांचे तांडे, पारध्यांचे बेडे फिरले. अंगणवाडीसाठी खोली मिळणं हीच पहिली लढाई असे. कुठे मारुतीच्या देवळाचा ओटा, कुठे सेविकेच्या घरची पडवी. वजनकाट्याला लेकरू टांगलं की आजी ओरडायची, ‘नजर लागते.’ तरीही सेविकांनी वजनं घेतली, तक्ते भरले, कुठलं लेकरू वाळत चाललं आहे ते आईला दाखवलं. या बायकांना सरकारी भाषेत पगार नव्हता, मानधन होतं. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं ते एप्रिल २०२२ मध्ये. योजनेला तेव्हा ४६ वर्षं उलटून गेली होती.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून ‘सर्च’ या संस्थेतून हाच धागा आरोग्याच्या बाजूनं धरला. ३९ गावांत कमी शिकलेल्या गावच्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचं वजन करणं, त्याला ऊब देणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणं, हे त्या घरी जाऊन करू लागल्या. तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते निष्कर्ष छापून आले आणि पुढे आशाताईंच्या कामात ही पद्धत देशभर आली. त्यामागे मोठी इमारत नव्हती. गावातली एक बाई, तिचं शिक्षण, तिच्या खांद्यावरची पिशवी आणि तिला मिळणारे पैसे, एवढंच होतं.

मुलींच्या शाळेचा इतिहासही असाच लहान लहान गोष्टींनी पुढे गेला. कर्मवीर भाऊराव पाटलांचं वसतिगृह बायकांच्या मुष्टिफंडावर चालायचं. दळणाच्या वेळी रोज मूठभर धान्य बाजूला टाकायचं. आपल्याकडे अहिल्याबाई होळकर योजनेतून खेड्यातल्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळाला. मानव विकास मिशनच्या निळ्या बस आणि सायकली आल्या, तेव्हा आठवी-नववीचे वर्ग भरलेले मी डोळ्यांनी पाहिले. चार-पाच किलोमीटरचा रस्ता मिटला, की बापाचा धाक निम्मा मिटतो.

तरी पाळण्याचा प्रश्न उरलाच. अंगणवाडीत बसतं ते तीन ते सहा वर्षांचं मूल. तीन वर्षांखालच्याला आहार घरपोच मिळतो, लस मिळते, वजन होतं. पण आई शिवारात असताना दिवसभर त्याला सांभाळायची सोय बहुतेक ठिकाणी नसते. नेमक्या त्याच लेकरासाठी थोरली घरी बसते.

एका पोडात आम्ही यावर उपाय करून पाहिला. एका लहानशा स्थानिक मंडळानं वेचणीच्या तीन महिन्यांसाठी पैसे दिले. अंगणवाडीला लागून असलेल्या खोलीत साडीचे चार पाळणे बांधले. गावातल्या दोन म्हाताऱ्या आज्या मानधनावर बसवल्या. दुपारी मुगाची खिचडी. पहिल्याच हंगामात सात मुली शाळेत टिकल्या. दुसऱ्या वर्षी सातही पुढच्या वर्गात होत्या. तिसऱ्या वर्षी मंडळाकडे पैसे आले नाहीत. पाळणे सोडले, आज्या घरी गेल्या. त्या दिवाळीनंतर सातपैकी चारच वर्गात दिसल्या. मी अर्ज केले, भेटी घेतल्या. माझ्या नोकरीतलं सगळ्यात मोठं अपयश कोणतं विचाराल, तर ते हेच आहे.

त्याच सुमारास दुसऱ्या एका गावी एका दात्यानं अंगणवाडीला भारी खेळणी दिली. फोटो निघाले, फीत कापली. पुढच्या भेटीला गेले तर खेळणी कपाटात कुलूपबंद. सेविका म्हणाली, “मॅडम, तुटलं-हारपलं त हिशेब मलेच द्या लागते ना.” तिचंही बरोबर होतं. देणाऱ्यानं काय हवं ते विचारलंच नव्हतं.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. त्याचं उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं. कळंब तालुक्यातल्या राजूरच्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. वर्तमानपत्रांनी त्यांची तीच ओळख छापली आणि ती खरीच होती. मी टाळ्या वाजवत होते ती आणखी एका कारणानं. त्या अंगणवाडी मदतनीस होत्या. ज्या बाईच्या भरवशावर गावातली लेकरं दिवसा सुरक्षित असतात, ती त्या दिवशी मराठी साहित्याच्या मंचावर उभी होती.

आता आपल्या मेळाव्याकडे येते. निधी चांगला जमला आहे आणि त्यातून शाळेला कमानीचं प्रवेशद्वार बांधावं, त्यावर आपल्या बॅचचं नाव कोरावं, असा विचार पुढे आला आहे. कमानीला माझा विरोध नाही. शाळेबद्दलच्या मायेतूनच ती कल्पना आली. पण कमानीतून आत कोण येणार, हेही आपणच पाहायला हवं.

महर्षी कर्वे मुंबईत शिकवत होते तेव्हा, १८८६ साली, त्यांनी ‘मुरूड फंड’ सुरू केला. कोकणातल्या त्यांच्या गावातून बाहेर पडून कमावणाऱ्यांनी मिळकतीतला थोडा हिस्सा गावच्या कामासाठी नेमानं द्यायचा, अशी ती कल्पना होती. महिला विद्यापीठ निघालं १९१६ मध्ये. पण वर्गणी मागायचा आणि चोख हिशेब द्यायचा सराव त्यांनी गावच्या फंडावर केला. तेव्हा बाहेर पडलेल्यांनी गावाचं देणं फेडायची ही वाट आपल्याला नवी नाही.

माझी सूचना अशी. निधीतला निम्मा भाग पाच वर्षांसाठी बाजूला ठेवावा आणि दर महिन्याला प्रत्येकानं जमेल ती वर्गणी घालावी. शाळेत ज्या वस्त्यांतून मुली येतात, त्यातल्या दोन वस्त्यांत दिवाळी ते संक्रांत पाळणाघर चालवावं. ते आपण चालवू नये; तिथे आधीपासून काम करणाऱ्या स्थानिक संस्थेला किंवा बचत गटाला पैसे द्यावेत, तेही हंगाम सुरू होण्याआधी. काय हवं ते सेविकेला आणि आयांना विचारावं. सरकारनं करायचं काम सरकारकडे मागत राहावं, आपल्या पैशानं त्याला सुटी देऊ नये. मुलींचे फोटो छापू नयेत. हिशेब दर मेळाव्यात उभं राहून वाचावा. आणि पाच वर्षांआधी हात आखडता घेऊ नये, कारण मधेच थांबलेल्या मदतीचं काय होतं ते मी पाहिलं आहे.

शेवटची एक विनंती संपादक मंडळाला. स्मरणिकेच्या मागे छापायची माजी विद्यार्थ्यांची यादी तुम्ही दहावीच्या निकालावरून केली आहे. ती पाचवीच्या हजेरीपटावरून करा. त्या नऊजणीही याच शाळेच्या आहेत. त्यांतल्या ज्या हयात आहेत त्यांचे पत्ते शोधायचं काम माझ्याकडे द्या. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचं घर मला माहीत आहे. निमंत्रण घेऊन मी स्वतः जाईन.