मागच्या दाराचा पहारेकरी

अमेरिकेतील आपली मंडळी फ्लोरिडाला गेली की सेंट ऑगस्टीनचा मोठा किल्ला पाहून परत फिरतात. आम्हीही पूर्वी तसेच केले होते. या खेपेस मात्र तेथून दक्षिणेस सुमारे २२ किलोमीटरवर असलेला मतान्झासचा किल्ला पाहायला होडीने खाडी ओलांडली. किल्ला म्हणजे केवढा? प्रत्येक बाजू सुमारे ५० फूट, बुरूज ३० फूट उंच. अलिबागचा कुलाबा किल्ला पाहिलेल्या माणसाला ही एखादी चौकीच वाटावी.

स्पॅनिश भाषेत ‘मतान्झास’ म्हणजे कत्तली. १५६५ साली सेंट ऑगस्टीन वसविणाऱ्या स्पॅनिशांनी याच खाडीकाठी सुमारे अडीचशे फ्रेंच प्रॉटेस्टंटांना ठार मारले. पुढे येथे लाकडी टेहळणी बुरूज उभा राहिला. सहा शिपाई समुद्रावर नजर ठेवीत. गलबत दिसले की एकाने होडी वल्हवत किंवा धावत जाऊन शहराला खबर द्यायची. ही खाडी म्हणजे शहराचे मागचे दार होते.

त्या दाराची किंमत १७४० साली कळली. जॉर्जियाहून आलेल्या ऑगलथॉर्पच्या इंग्रज फौजेने शहराला वेढा घातला, मुख्य तोंड अडवले. पण क्यूबाहून आलेली रसद मतान्झासमार्गे आत पोहोचली आणि वेढा उठला. तेव्हा गव्हर्नर मोंतियानो याने येथे दगडी किल्ला बांधायला घेतला. तो १७४२ साली पुरा झाला. त्याच वर्षी इंग्रज पुन्हा आले, पण किल्ल्यावरच्या तोफा सुरू होताच त्यांच्या होड्या मागे फिरल्या.

भिंती नीट पाहिल्या तर बांधणीची हकीकत कळते. जागा दलदलीची, म्हणून पाइनचे खांब खोल ठोकून त्यांवर पाया घातला. दगड ‘कोकिना’, म्हणजे शिंपल्यांचा चुरा घट्ट होऊन झालेला खडक. चुना कालवांचे शिंपले भाजून केलेला. बेटावर गोडे पाणी नाही, म्हणून पावसाचे पाणी साठवायला टाके आहे. एरवी एक अधिकारी, चार शिपाई आणि दोन गोलंदाज एवढीच माणसे येथे असत. ती शहरातून पाळीपाळीने येत.

ही रीत फार जुनी आहे. रोमन लोकांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या यॉर्कशर किनाऱ्यावर असेच बुरूज बांधले होते. रॅव्हन्स्कार येथे सापडलेल्या शिलालेखात, बुरूज आणि गढी बांधणारा अधिकारी म्हणून जस्टिनियानस याचे नाव आहे. दगड वाहणाऱ्यांची नावे मात्र नाहीत. मतान्झासलाही गव्हर्नरचे नाव सर्वांना ठाऊक, पण तो उभा करणाऱ्या कैद्यांची, गुलामांची आणि शिपायांची आठवण आज त्या भिंतीच सांगतात.

१८२१ साली फ्लोरिडा अमेरिकेकडे आला, तोवर हा किल्ला मोडकळीस आला होता. अमेरिकेने तेथे फौज ठेवली नाही. १९१६ साली डागडुजी झाली आणि १९२४ साली त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. एवढ्याशा बुरुजाकडे लक्ष गेले, म्हणूनच आज तो उभा आहे.

बुरुजावर उभे असताना आम्हाला नवगाव आठवले. आपले पूर्वज ज्या किनाऱ्याला लागले असे परंपरा सांगते, त्याच भागात थळसमोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी आहेत. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर बांधकाम सुरू केले. इंग्रज आणि सिद्दी यांना ते थांबवता आले नाही. लगेच सिद्दीने उंदेरी बळकावली. २०२५ साली खांदेरीचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशात झाला. पण त्याच किनाऱ्यावर, गावोगाव, आपली जुनी घरे, घाण्यांच्या जागा आणि कबरी आहेत. त्यांची दखल कोण घेणार?

आपल्या दाराच्या चौकटीवरील मेझुझावर ‘शीन’ हे अक्षर असते. त्याने सुरू होणाऱ्या ‘शद्दाय’ या नावाचा अर्थ ‘शोमेर दल्तोत इस्राएल’, इस्राएलच्या दारांचा राखणदार, असाही लावतात. इतिहासाचे मागचे दारही कुणीतरी राखायला हवे. वाचकहो, गावी जाल तेव्हा कबरीवरचे नाव आणि साल वहीत उतरवून घ्या, फोटो काढा, आणि वडीलधाऱ्यांना विचारा की ते कोण होते. उशीर झाला तर सांगणारा उरणार नाही.