एकच प्याला आणि यकृताचा हिशेब

छत्रपती संभाजीनगरहून दौलताबाद-वेरूळकडे निघालं की शहराच्या पश्चिम अंगाला पडेगाव लागतं. तिथून दक्षिणेला वाळूजची औद्योगिक वसाहत आहे आणि वाळूज बिअरच्या कारखान्यांसाठी ओळखलं जातं. या कारखान्यांतलं मूळ काम करणारे कामगार डोळ्यांना दिसत नाहीत. बार्लीला मोड आले की दाण्यात अमायलेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, वाढीला लागतं. भरडलेलं धान्य साधारण 65 अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवलं की हे विकर पिष्टमय पदार्थाची साखर करतं. पुढे यीस्टमधली विकरं त्या साखरेचं मद्य करतात. आंबवण्यासाठी यीस्टची जिवंत पेशी लागत नाही, तिच्यातला रस पुरतो, हे एडुआर्ड बुखनर या जर्मन शास्त्रज्ञाने 1897 मध्ये दाखवलं. 1907 मध्ये त्याला नोबेल मिळालं.

मद्य तयार कसं होतं याचा उलगडा युरोपातल्या प्रयोगशाळांत होत होता, तेव्हा ते माणसाचं काय करतं हे मराठी रंगभूमी उलगडत होती. नाटककार खाडिलकरांचं ‘विद्याहरण’ 1913 सालचं. मद्याच्या प्याल्यातून शुक्राचार्यांच्या पोटात स्वतःच्या शिष्याचीच राख जाते, हा महाभारतातला प्रसंग त्याच्या मुळाशी आहे. पण तो पुराणातला गुरू. आपल्या आळीतला, शिकलेला, कर्तबगार माणूस दारूत बुडताना मराठी प्रेक्षकांनी खऱ्या अर्थाने पाहिला तो राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मध्ये.

गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी सावनेरला वारले, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी. त्यानंतर महिन्याभरात, 20 फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला. पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची, सिंधू बालगंधर्वांची आणि सुधाकर गणपतराव बोडसांचा. सुधाकर हुशार, मानी वकील आणि सिंधू त्याची बायको. कोर्टात अपमान होतो, सनद काही काळ रद्द होते आणि त्या अवस्थेत त्याचा कारकून तळीराम त्याच्या हातात पहिला प्याला देतो. पुढे मूल जातं, सिंधू जाते आणि शेवटी सुधाकरही.

बालगंधर्वांच्या सिंधूबद्दल भरपूर लिहिलं गेलं, आणि ते योग्यच आहे. पण नटाच्या कारागिरीच्या दृष्टीने अवघड भूमिका सुधाकरचीच. ‘संशयकल्लोळ’मधला फाल्गुनराव रंगवणाऱ्या बोडसांची ख्याती स्वाभाविक अभिनयाची होती. इथे मात्र गडकऱ्यांची लांबलचक, अलंकारांनी लगडलेली वाक्यं होती आणि ध्वनिक्षेपकाचा काळ अजून यायचा होता. झिंगलेल्या माणसाची जीभ जड होते. पण नटाने खरोखर जड जिभेने बोलायचं ठरवलं, तर शेवटच्या रांगेत एक शब्द पोचायचा नाही. त्यामुळे नशा शब्दांत दाखवता येत नाही. ती दाखवावी लागते दोन वाक्यांमधल्या थांब्यात, जरा उशिरा वळणाऱ्या नजरेत, प्याल्यापर्यंत जाताना नको तितकी काळजी घेणाऱ्या हातात.

कच्चा नट दारुडा करायला लागला की झोकांड्या देतो. खरा दारुडा झोकांड्या द्यायचा प्रयत्न करत नसतो, सरळ चालायचा करत असतो. शरीराचा तोल लहान मेंदू सांभाळतो आणि मद्याने त्याचं काम मंदावतं. माणसाची इच्छा मात्र शाबूत असते. मी शुद्धीत आहे हे सिद्ध करण्याची ती धडपड ज्या नटाला सापडते, त्याचा सुधाकर पाहताना पोटात कालवतं.

आता यकृताकडे वळू. प्यायलेलं मद्य यकृतात दोन पायऱ्यांनी मोडतं. अल्कोहोल डिहायड्रोजिनेज हे विकर त्याचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं. हा पदार्थ विषारी. दुसरं विकर, अल्डिहाइड डिहायड्रोजिनेज, त्याचं निरुपद्रवी अ‍ॅसिटेट करून टाकतं. पहिल्या विकराची ताकद मर्यादित असते. थोडंसं मद्य आलं तरी ते पूर्ण गुंतून जातं आणि मग ताशी साधारण ठरावीक प्रमाणातच मद्य मोडतं, पोटात कितीही असो. लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची अंघोळ, यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. नाटक-सिनेमात कानाखाली बसली की दारुडा क्षणात शुद्धीवर येतो, ते म्हणूनच खोटं वाटतं. सुधाकर करणाऱ्या नटाने नशेचा हा वेळ अंगात मुरवला पाहिजे.

विकराचं काम अडवणाऱ्या पदार्थाला निरोधक म्हणतात. काही निरोधक नुसती जागा अडवतात. पंगतीत एकच पाट मांडलेला असावा आणि भलत्यानेच त्यावर बसकण मारावी, तसं. महाराष्ट्राला याचा दाखला फार कडू प्रसंगातून मिळाला आहे. जून 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. अशा दारूतला घातक पदार्थ मिथेनॉल. ते स्वतः जेवढं विषारी, त्याहून कितीतरी घातक त्याच्यापासून यकृतात तयार होणारं फॉर्मिक आम्ल. त्याने डोळे जातात, जीव जातो. आणि ते तयार व्हायला सुरुवात होते ती त्याच पहिल्या विकरामुळे. म्हणून डॉक्टर फोमेपिझोल हा निरोधक देतात, तो नसेल तर मोजून शुद्ध इथेनॉल. त्या विकराची ओढ इथेनॉलकडे जास्त. ते त्यात गुंतलं की मिथेनॉल न मोडता हळूहळू बाहेर काढता येतं. हे काम रुग्णालयातच आणि वेळेत व्हावं लागतं.

दुसऱ्या तऱ्हेचा निरोधक विकराला कायमचा निकामी करतो. डायसल्फिराम हे त्याचं उदाहरण. रबर उद्योगात या जातीची रसायनं वापरली जात. तिथल्या कामगारांना दारू सोसत नाही, हे 1930च्या दशकातच लक्षात आलं होतं. पुढे कोपनहेगनमध्ये जेन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन जंतांवरचं औषध म्हणून डायसल्फिराम तपासत होते. त्यांनी गोळ्या स्वतः घेतल्या आणि मद्य घेताच दोघांनाही त्रास झाला. 1948 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. डायसल्फिराम दुसऱ्या पायरीवरचं विकर बंद पाडतं. अ‍ॅसिटाल्डिहाइड साचतं, चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. शरीर नवं विकर बनवेपर्यंत, म्हणजे कधी कधी दोन आठवड्यांपर्यंत, हा धोका राहतो.

सुधाकरच्या काळी यातलं काहीच हाताशी नव्हतं. दारू का सुटत नाही हे तो रामलाल या मित्राला समजावून सांगतो, तेव्हा गडकऱ्यांचं निरीक्षण आजच्या मानसोपचारतज्ज्ञालाही पटावं इतकं नेमकं आहे. पण सुटकेची वाट त्या नाटकात नाही. ती महाराष्ट्रात ठळक झाली 1986 मध्ये. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं आणि व्यसन हा आजार आहे ही गोष्ट मराठी घरांत रुजवली.

‘एकच प्याला’ आजही करावा, आणि सुधाकरला निव्वळ दुबळ्या मनाचा माणूस न ठरवता करावा. पडेगावात काय किंवा आणखी कुठे, घरात असा सुधाकर असेल तर त्याच्या नकळत चहा-भाजीत डायसल्फिरामची गोळी मिसळू नका. वर दारू पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं. त्याला घेऊन छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात जा.