अडलेली प्रसूती : सातारा-सांगली परिसरातील इतिहास

गर्भाशयाच्या कळा जोरदार असूनही गर्भाचा पुढे येणारा भाग श्रोणीतून खाली सरकत नाही, त्या अवस्थेस अडलेली प्रसूती म्हणतात. अरुंद श्रोणी, आडवा गर्भ, श्रोणीतील गाठ ही तिची काही कारणे होत. उपचार न झाल्यास गर्भ गुदमरतो व गर्भाशय फाटून वा जंतुसंसर्गाने माता दगावते. वाचलीच, तर दाबाखाली राहिलेल्या ऊतींचा नाश होऊन मूत्राशय व योनी यांमध्ये नालव्रण पडतो आणि मूत्र सतत झिरपत राहते.

सुश्रुतसंहितेत या अवस्थेस ‘मूढगर्भ’ अशी संज्ञा असून दाराच्या अडसरासारखा आडवा पडलेला गर्भ तो ‘परिघ’, असे वर्णन आढळते. जिवंत गर्भावर शस्त्र चालवू नये. मृत गर्भ काढताना मंडलाग्र वापरावे, कारण टोकदार वृद्धिपत्राने स्त्रीस इजा होईल, इतका बारकावा तीत आहे. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे सादर केलेला प्रबंध आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावरच होता. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती. परंतु १८८७ मध्ये त्यांचे निधन झाले.

ग्रंथातील हे ज्ञान खेड्यातील सुइणीपर्यंत मात्र पोहोचले नव्हते. पायाळू मूल ती अनुभवाने सोडवी. आडव्या मुलाचा बाहेर आलेला हात ओढल्यास मात्र ते अधिकच अडके. याचा दोष सुइणीला देणे न्याय्य नाही. बालविवाह व कुपोषण यांमुळे श्रोणीची वाढ पुरी होण्यापूर्वीच मुलीवर बाळंतपण येई आणि अरुंद श्रोणीवर कोणत्याही हस्तकौशल्याचा इलाज चालत नसे.

तो इलाज शस्त्रक्रियेत होता. विल्यम वॉनलेस यांचे मिरज येथील मिशन रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झाले आणि शस्त्रक्रियेसाठी दूरदूरचे रुग्ण तेथे येऊ लागले. विसाव्या शतकात गर्भाशयाच्या खालच्या भागावर छेद घेण्याची पद्धत रूढ होऊन सिझेरियन शस्त्रक्रिया पुष्कळच निर्धोक झाली. मिरजेस १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही निघाले. कृष्णाकाठच्या सपाट प्रदेशाला याचा लाभ लवकर मिळाला. पाटण, जावळी, महाबळेश्वर या डोंगरी तालुक्यांत मात्र अडलेल्या बाळंतिणीला डोलीतून उतरवावे लागे आणि कोयना धरणानंतर शिवसागर जलाशयाच्या पलीकडील गावांना लाँचची वाट पाहावी लागू लागली.