सोलापूरचा माल आणि साता समुद्रांपलीकडचा हिशेब

वाचकहो, एक साधा प्रश्न विचारतो. बार्शीच्या पेठेत कापसाची गाडी उभी राहिली की तिचा भाव कोण ठरवतो? अडत्या, असे तुम्ही म्हणाल. अडत्या भाव सांगतो हे खरे, पण त्याला तो कोणी सांगितला? मुंबईच्या पेढीने. आणि मुंबईच्या पेढीला? या प्रश्नाचा माग काढत गेले तर शेवटी आपण विलायतेत, लिव्हरपूलच्या बंदरात जाऊन पोचतो. निदान शंभर-दीडशे वर्षांपूर्वी तरी तसेच होते.

१८६० साली आगगाडी सोलापुरात आली. पुढच्याच वर्षी तिकडे अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांचे यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, अमेरिकेचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि त्या गिरण्यांनी हिंदुस्थानकडे धाव घेतली. कापसाचे भाव असे चढले की वऱ्हाड, खानदेश, सोलापूर या भागांतल्या शेतकऱ्याच्या हाती कधी नव्हे तो रोख पैसा खुळखुळू लागला. सावकारही सढळ हाताने कर्ज देऊ लागला. पीक सोन्याच्या मोलाचे, मग भीती कशाची? १८६५ साली युद्ध संपले. अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात आला आणि भाव कोसळले. मुंबईत शेअरवाल्यांची दिवाळी निघाली, तिची हकीगत पुस्तकांतून सर्वांनी वाचलेली असते. खेड्यातल्या माणसाच्या डोक्यावर मात्र कर्ज तसेच राहिले, त्यात सरकारी सारा वाढला. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, त्या दंग्याच्या अनेक कारणांपैकी हे एक होते. भाव का चढला हे त्या कुणब्याला कोणी सांगितले नव्हते, आणि का पडला हेही नाही.

आज मुले बारावी झाल्यावर एका पदवीचे नाव घेतात. बी.बी.ए., आणि पुढे कंसात इंटरनॅशनल बिझनेस. आपल्या भाषेत, आंतरराष्ट्रीय व्यापार. पालक विचारतात, "हे काय नवीन खूळ?" शिक्षकांनाही नेमके उत्तर सुचत नाही. म्हणून या विद्येचा इतिहास आज तुमच्यापुढे ठेवतो. त्यातले कितीतरी धागे आपल्या सोलापूर जिल्ह्यातच सापडतात, ही गंमत पाहण्यासारखी आहे.

प्रथम जुन्या गिरणीकडे या. मुंबईचे मोरारजी गोकुळदास यांनी उभारलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल १८७७ च्या सुमारास सुरू झाली. ते दिवस मोठ्या दुष्काळाचे. ('जुनी गिरणी' हे नाव सोलापुरात सर्वांच्या तोंडी आहे, पण ही गिरणी १९४९ मध्ये बंद पडून सरकारने तिचा कारभार हाती घेतला तेव्हा झालेले खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि कायद्याचे विद्यार्थी ते अजून अभ्यासतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते.) या मोरारजींचे चिरंजीव नरोत्तम मोरारजी. आणि सोलापुरातच, १८८२ साली, हिराचंद दोशी यांच्या घरी जन्मलेले वालचंद. घरचा धंदा सावकारी आणि कापसाचा. वालचंद कॉलेजात गेले, पण पदवी न घेताच बाहेर पडले आणि धंद्याला लागले.

पहिले महायुद्ध संपता संपता या दोघांनी आणखी काही मंडळींना बरोबर घेऊन एक मोठे धाडस केले. हिंदुस्थानचा कापूस, गळिताची धान्ये, कातडी परदेशी जायची, पण ती नेणारी जहाजे बहुतेक सारी इंग्रजांची. माल आपला, पण भाडे, विमा, दलाली यांतला नफा त्यांचा. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनी युद्धात जखमी शिपायांसाठी घेतलेली एक आगबोट विकायची होती. तिचे नाव 'लॉयल्टी'. मूळची ती कॅनडाच्या कंपनीची, १८९१ सालची 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. ती घेतली, कंपनीचे नावही सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन असेच ठेवले, आणि ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. हाच दिवस १९६४ पासून आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

गोष्ट इथे संपवली तर ऐकायला गोड वाटते. पुढचे ऐका. इंग्रज कंपन्यांनी दरयुद्ध सुरू केले. जहाजभाडे इतके उतरवले की नव्या कंपनीला धाप लागावी. ज्याच्या तिजोरीत जास्त तो अशा युद्धात टिकतो. अखेर १९२३ साली करार झाला, आणि त्या करारान्वये सिंदियाला काही वर्षांपुरते किनाऱ्यावरच्या व्यापारावर समाधान मानावे लागले; दर्यापारचा मार्ग बंद. 'लॉयल्टी' मोडीत निघाली. धैर्य होते, भांडवल होते, जहाज होते, तरी हार पत्करावी लागली ती कराराच्या कलमांत आणि भाड्याच्या आकड्यांत. वालचंद मात्र खचले नाहीत. विशाखापट्टणला त्यांनी जहाजबांधणीचा कारखाना काढला आणि १९४८ साली तिथून 'जलउषा' पाण्यात उतरली.

आता शाळा-कॉलेजांकडे वळू. वालचंदांच्या तरुणपणी व्यापार शिकायचा तो पेढीवरच. १९१३ साली मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघाले आणि मुंबई विद्यापीठाची बी.कॉम. ही पदवी तिथून रुजली. या कॉलेजात नोव्हेंबर १९१८ पासून १९२० च्या मार्चपर्यंत अर्थशास्त्र शिकवायला एक तरुण प्राध्यापक होते. नाव भीमराव रामजी आंबेडकर. बाहेरच्या वर्गांतले विद्यार्थीही त्यांची व्याख्याने ऐकायला येऊन बसत, आणि त्याच वेळी प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याला त्यांनी हात लावू नये असे म्हणणारे सहकारीही होते. नोकरीतला पैसा साठवून आणि शाहू महाराजांची मदत घेऊन ते पुन्हा लंडनला गेले, आणि १९२३ साली त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध प्रसिद्ध झाला.

रुपयाचा प्रश्न म्हणजे काय, हे गुरुजींनी वर्गात फळ्यावर मांडून दाखवावे. जुन्या पौंडात २४० पेन्स. रुपयाची किंमत १६ पेन्स धरली तर एका पौंडाचे पंधरा रुपये होतात. तीच १८ पेन्स धरली तर तेरा रुपये, पाच आणे, चार पै. म्हणजे लिव्हरपूलला ज्याच्या कापसाचा एक पौंड आला, त्याच्या पदरात एका दराने पंधरा रुपये आणि दुसऱ्या दराने दीड रुपयाहून अधिक कमी! पीक तेच, कष्ट तेच, गिऱ्हाईकही तेच. १९२७ साली सरकारने १८ पेन्सचा दर कायद्याने ठरवला, तेव्हा देशभर वाद माजला तो यामुळेच. आज आणे-पै गेले, पौंडाच्या जागी डॉलर आला, पण टॉवेलाची गाठ परदेशी पाठवणाऱ्या आपल्या कारखानदाराची रात्रीची झोप अजून याच हिशेबाने उडते.

पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९४३ साली वाणिज्य महाविद्यालय काढले. त्याचे नाव बृहन् महाराष्ट्र कॉलेज ऑफ कॉमर्स. हे 'बृहन् महाराष्ट्र' कुठून आले? ज्यांच्या देणगीतून ते उभे राहिले त्या बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेटवरून. आणि त्या सिंडिकेटचा साखर कारखाना कुठे? आपल्या माळशिरस तालुक्यात, श्रीपूरला! चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली ही कंपनी काढली. पुण्यातली मुले व्यापार शिकली त्यामागे सोलापूर जिल्ह्यातल्या उसाची गोडी होती असे म्हटले तर ती अतिशयोक्ती नव्हे.

बी.कॉम. मध्ये परदेशी व्यापाराचे एखाददुसरे प्रकरण असे, बाकी भर जमाखर्चावर. पुढे पुणे विद्यापीठाने त्यासाठी वेगळी पदवी केली. तिला बी.एफ.टी. म्हणत, म्हणजे परदेशी व्यापाराची पदवी. नंतर नाव बदलून बी.बी.एम. झाले आणि मग आजचे बी.बी.ए. नावे बदलण्याची विद्यापीठांना हौसच असते. आतला गाभा बराचसा तोच राहिला आहे.

तो गाभा काय? एक उदाहरण घेऊ. सोलापूरच्या कारखानदाराला आखाती देशातून टॉवेलांची मागणी आली. त्याने भाव सांगितला, 'एफ.ओ.बी. न्हावाशेवा'. याचा अर्थ, सोलापूरहून सुमारे चारशे किलोमीटरवरच्या बंदरात माल जहाजावर चढेपर्यंत खर्च आणि जोखीम आपली. पुढचे भाडे-विमा गिऱ्हाइकाचा. 'सी.आय.एफ.' म्हटले की पलीकडच्या बंदरापर्यंतचे भाडे आणि विमा आपण भरायचा. पण इथे भले भले चुकतात बरे का. भाडे आपण भरले तरी मालाची जोखीम मात्र इकडेच, जहाजावर चढवतानाच, गिऱ्हाइकाकडे जाते. समुद्रात माल भिजला तर भांडायचे कोणी, हे या तीन अक्षरांवर ठरते. मग बँकेचे पतपत्र. त्यात लिहिले असेल 'डझन' आणि बिलात पडले 'नग', तर बँक पैसे अडवू शकते. बँक कागद पाहते, टॉवेल पाहत नाही! असे विषय, शिवाय परकीय चलन, जकात, जहाजवाहतूक, अर्थशास्त्र आणि बहुधा एखादी परदेशी भाषा, हे तीन वर्षे शिकायचे.

शेतकऱ्यांचा याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणू नये. २०१० च्या हंगामात युरोपला गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचा अंश तिकडच्या मर्यादेपेक्षा अधिक निघाला आणि माल अडकला. वेलीची वाढ रोखायला आपल्याकडे ते औषध सर्रास वापरत. तिकडची मर्यादा किती, ते इकडे वेळेवर कोणी पाहिले नाही. नुकसान मात्र बागाईतदारापर्यंत येऊन पोचले. १८६५ चा कुणबी आणि २०१० चा बागाईतदार यांत पाच वर्षे कमी दीड शतक उलटले नाही तोच, म्हणजे बरोबर १४५ वर्षांनी, तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला: दूरची बातमी गावात आणणारा माणूस कुठे आहे?

माझे मत विचाराल तर परदेशी माल पाठवायला पदवी लागत नाही. लागतो तो आयात-निर्यात परवाना क्रमांक, आणि तो कोणाही धंदेवाल्याला मिळतो. वालचंदांकडे कुठे पदवी होती? पण वालचंदांच्या घरी पेढी होती. पेढीवर बसून जे कानावर पडते ते विणकराच्या, शेतमजुराच्या, कोरडवाहू कुणब्याच्या मुलीला कुठे ऐकायला मिळणार? तिच्यासाठी वर्ग हीच पेढी. म्हणून ही पदवी वाईट नाही, पण कॉलेज पारखून घ्यावे. मुलांना बंदर, जकातीचे कार्यालय, निर्यातदाराची वखार प्रत्यक्ष दाखवतात का? तिथे शिकवणाऱ्यांपैकी कोणी स्वतः माल पाठवला आहे का? फी किती, हे विचारताना हेही विचारावे. २०२४ पासून महाराष्ट्रात या पदवीच्या प्रवेशासाठी सामाईक परीक्षाही द्यावी लागते, तेव्हा बारावीच्या वर्षीच गुरुजींनी मुलांना तिची तारीख सांगून ठेवावी.

आणि वर्गासाठी एक गणित सुचवतो. १ जून २०२२ पासून केंद्र सरकारने साखरेच्या निर्यातीवर निर्बंध घातले. त्या वर्षी बाहेरच्या बाजारात साखरेला भाव होता, आणि देशात ती महाग होऊ नये ही सरकारची काळजी होती. श्रीपूरच्या, अकलूजच्या, माढ्याच्या ऊस उत्पादकावर याचा परिणाम काय झाला असेल, आणि घरात पोतेभर साखर लागणाऱ्या शहरातल्या गिऱ्हाइकावर काय? दोन्ही बाजू मुलांना मांडायला लावाव्यात, आणि उसाची बिले घरी असतील तर ती वर्गात आणायला सांगावे.