मरणाचे भय आणि मुंबईचा प्लेग



माणसाला मरणाचे भय वाटते, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. परंतु त्या भयात काय काय मिसळलेले असते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. आपल्या घरात, आपल्या माणसांच्या सोबतीत, कानावर कलमा पडत असता येणारे मरण आणि अनोळखी इस्पितळात, अनोळखी हातांत येणारे मरण, ही दोन्ही मरणेच. तरीही पहिल्यापुढे आपल्या वाडवडिलांनी मान तुकवली आणि दुसरे टाळण्यासाठी ते जिवावर उदार झाले. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मुंबईच्या प्लेगची हकीकत वाचली म्हणजे हा फरक स्वच्छ दिसू लागतो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागातील रोग्यांना तपासले आणि हा ताप साधा नसून गाठीचा प्लेग आहे, असे निदान केले. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग. तेथे उंदीर आधी मेले, माणसे मागाहून. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून निघाले. आगगाड्या आणि आगबोटी भरभरून कोकणात, गुजरातेत, देशावर माणसे गेली आणि कित्येकांबरोबर प्लेगही गेला.

तेव्हा भ्याले होते ते केवळ अडाणी लोक, असे पुष्कळ पुस्तकांत सुचवलेले असते. मला ते पटत नाही. सरकारही तितकेच भ्यालेले होते. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला होता खरा, पण तो माणसापर्यंत कसा पोचतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. उंदरावरची पिसू तो वाहून आणते, असे पोल सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले. पण तेव्हा बहुतेकांनी ते मानले नाही. १९०५ नंतर मुंबईत झालेल्या संशोधनाने ती गोष्ट पक्की झाली. तोपर्यंत काय झाले? घरे कार्बोलिकने धुतली, गटारांत समुद्राचे पाणी सोडले, अंथरुणे जाळली, ऊन आत यावे म्हणून छपराची कौले काढली. शत्रू पिसवात होता आणि सरकार त्याला भिंतीत शोधत होते. अज्ञाताचे भय राज्यकर्त्याला झाले म्हणजे तो हुकूम काढतो. रयतेला झाले म्हणजे ती दार लावून घेते. ४ फेब्रुवारी १८९७ चा साथीचा कायदा असाच घाईने झाला. घरात शिरून झडती घेण्याचा, रोग्याला उचलून नेण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला.

लोकांनी दार का लावून घेतले, तेही पाहू. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. आत नेलेला माणूस बहुधा परत येत नसे, कारण लोक रोगी शेवटपर्यंत लपवून ठेवीत आणि तो तेथे पोचेपर्यंत वेळ टळून गेलेली असे. बाहेरच्यांना मात्र एवढेच दिसे की जो आत गेला तो मेला. मग अफवा उठल्या. इस्पितळात माणसाच्या देहातून तेल, ‘मोमीआई’, काढतात, अशीही एक होती. आज आपल्याला हसू येते. पण ज्या घरातला मुलगा शिपायांनी नेला आणि ज्याचे पुढे काहीच कळले नाही, त्या घराने ती रिकामी जागा कशाने भरावी?

आपल्या समाजाला याहून मोठी भीती होती. गुस्ल कोण देणार? कफन मिळेल काय? जनाज्याची नमाज होईल काय? बाईची काख आणि जांघ परका पुरुष तपासणार काय? ९ मार्च १८९८ रोजी मुंबईतील जुलाहा विणकरांच्या वस्तीत बारा वर्षांच्या एका मुलीला इस्पितळात नेण्यासाठी पथक आले. घरच्यांनी तिला नेऊ दिले नाही. बघता बघता दंगल उसळली, गोळीबार झाला आणि माणसे मेली. मृत्यूला भिऊन घरात बसलेली माणसे बंदुकीसमोर उभी राहिली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. त्यांना मरणाचेच भय असते तर ती रस्त्यावर आलीच नसती.

या दंगलीनंतर सक्ती सैल होत गेली. निरनिराळ्या जमातींनी आपापली प्लेग-इस्पितळे चालवली. तेथे ओळखीची भाषा होती, ओळखीची माणसे होती, परदा होता. पुण्यात मात्र रँडसाहेबांनी गोऱ्या सोजिरांकडून झडत्या घेतल्या, त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या गोळ्यांनी झाला. त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. १० मार्च १८९७ रोजी त्यांना प्लेगनेच मृत्यू आला.

आता लशीची हकीकत. ओडेसात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत त्यांनी तीन महिन्यांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पण गोऱ्या साहेबाने दंडात सुई टोचून घेतली म्हणून मांडवीतला खोजा दुकानदार थोडाच पुढे येणार? तिसरे आगाखान सुलतान महंमद शाह तेव्हा अवघ्या विशीतले. त्यांनी हाफकिनना प्रयोगशाळेसाठी आपली मोठी वास्तू दिली, लोकांसमक्ष स्वतः लस टोचून घेतली आणि ही बातमी जमातीत पसरेल अशी व्यवस्था केली. त्यानंतर हजारो खोजे लस घेण्यास पुढे आले.

सर्वांची शंका एवढ्याने फिटली नाही. मरण लिहिलेले असेल तर सुई कशाला, हा प्रश्न जुनाच आहे. हिजरी १८ मध्ये शामच्या वाटेवर, पुढे अमवासचा ताऊन आहे हे कळताच हजरत उमर (रजि.) मागे फिरले. अल्लाहच्या तकदीरीपासून पळता काय, असे हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले. एका तकदीरीकडून अल्लाहच्याच दुसऱ्या तकदीरीकडे जातो, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. अबू उबैदा त्याच साथीत गेले. दोघांच्याही ईमानाविषयी कोणी शंका घेतलेली नाही.

आणि भय एकदा गेले म्हणजे कायमचे जाते, असेही नाही. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. हाफकिनना कामावरून दूर केले गेले. त्यांच्यावरचा ठपका १९०७ मध्ये पुसला गेला, पण लशीची धास्ती मागे राहिली. आपल्या आठवणीतले २०२० साल घ्या. ३० मार्च रोजी मुंबई महानगरपालिकेने, कोरोनाने मेलेल्या प्रत्येकाचे, धर्म कोणताही असो, दहनच करावे, असे परिपत्रक काढले आणि काही तासांतच ते बदलून दफनाला मुभा दिली. त्या काही तासांत आपल्या घराघरांत जी घालमेल झाली, ती १८९८ च्या त्या विणकराला ओळखीची वाटली असती.

परळला हाफकिन संस्थेची इमारत आहे. विद्यार्थ्यांनी ती जरूर पाहावी. पूर्वी तो गव्हर्नरचा बंगला होता. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी तेथे पटकीने वारली. त्यानंतर गव्हर्नरांनी ते घर सोडले आणि मलबार हिलवर मुक्काम हलवला. वाड्यात कोणी राहीना. १८९९ मध्ये हाफकिन आपल्या बाटल्या घेऊन तेथे राहायला गेले.