खलनायकाचे बुडीत खाते

कर्जदाराची बाजू ऐकल्याशिवाय बँकसुद्धा जप्ती आणत नाही. गोष्टी लिहिणारे मात्र खलनायकाचे खाते एका फटक्यात बुडीत धरतात. बॅटमॅनचा शत्रू मिस्टर फ्रीझ १९५९ साली कॉमिकात उगवला तेव्हा त्याचे नावच होते 'मिस्टर झीरो'. शिल्लक बघायला पासबुक नको!

१९९२ च्या अमेरिकन कार्टून मालिकेत पॉल डिनीने त्याला मरणाला टेकलेली बायको दिली. चोराचा एकदम नवरा झाला. त्याच मालिकेत जोकरच्या हाताखाली एका भागापुरती आलेली हार्ली क्विन तर कायमच झाली. आमच्याकडचे टेंपररी अजून वाट बघताहेत.

मालिका हात झटकते तिथे चाहते 'फॅन फिक्शन' लिहायला बसतात. 'अवतार' मालिकेने २००८ साली राजकन्या अझुलाला वेडी करून सोडले. चाहत्यांच्या कथांत ती अजून बरी होतेय. बुडीत खात्यात पदरचे भरणारी माणसं बँकेला कधी भेटली नाहीत, अझुलाला भेटली!